अठ्ठेचाळीस डेसिबल

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. कापशा कुत्र्याच्या अंगावर केसांच्या एकोणीस जटा होत्या आणि त्यांपैकी एकही निघाली नव्हती.

नरहरींनी केस कापायचे यंत्र बंद केले. त्यांच्या हातून निसटलेला कापशा व्हरांड्याच्या कोपऱ्यात थरथरत उभा होता. हे तिसरे क्लिपर. पहिल्याचा आवाज चौसष्ट डेसिबल, दुसऱ्याचा छप्पन्न, याचा अवघा अठ्ठेचाळीस. तिन्ही आकडे नरहरींनी मोबाइलवर, हातभर अंतरावरून, प्रत्येकी तीनदा मोजले होते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी इचलकरंजीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासणी विभाग सांभाळला होता. मोजल्यावाचून त्यांनी कधी कशावर सही केली नव्हती.

उद्या अकरा वाजता जनावरांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. जटांखालची कातडी ओली राहून चिघळू लागली होती. केस काढणे भागच होते. घरी जमले नाही, तर भूल देऊन. पण कापशाचे हृदय कमजोर होते. "भूल दिल्यावर तो उठेलच, असे मी सांगू शकत नाही," असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते.

चार महिन्यांपूर्वी एका आश्रयगृहातून त्यांनी त्याला नांदे गावातल्या या घरी आणले. मागून कोणी स्पर्श केला की तो उडे, केकाटे. जनावर आवाजाला भिते, असे निदान नरहरींनी पहिल्याच आठवड्यात केले आणि तेव्हापासून घर मुके झाले. दाराची घंटा निघाली. मिक्सर माळ्यावर गेला. त्यांच्या पत्नी कल्पनाताई कुकर सोडून पातेल्यात डाळ शिजवू लागल्या. क्लिपर तर कापशाच्या दृष्टीसही पडू नये, म्हणून नरहरी ते नेहमी मागून, पाऊल न वाजवता आणत.

"अहो, याहून शांत आता काय मिळणार?" कल्पनाताई कुजबुजल्या. "कात्री घ्यायची का?"

"कात्रीने कातडी कापेल," नरहरीही कुजबुजले.

दोघे पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने दमलेला कापशा फाटकाकडे पाठ करून उन्हात झोपी गेला. तेवढ्यात फाटक धाडकन वाजले आणि गोजराबाई आत आल्या. या घरामागेच त्यांचा म्हशींचा गोठा होता. त्यांनी दुधाची कॅन फरशीवर आदळली. नरहरी घाईने उठले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"हळू, गोजराबाई. तो आवाजाला भितो."

"कोन, ह्यो?" गोजराबाईंनी झोपलेल्या कुत्र्याकडे निरखून पाहिले. "सायेब, मी फाटक आपाटलं, कॅन आदाळली. तुमी दोघं बी उडालात. ह्यानं कान तरी हलिवला का? बहिरा हाय त्यो. ठार बहिरा."

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही."

नरहरी आत गेले. पितळी परात आणि उलथने घेऊन बाहेर आले. झोपलेल्या कापशाच्या मागे, डावीकडे आणि उजवीकडे असे त्यांनी तीन सणसणीत ठोके दिले. पलीकडच्या घराची खिडकी उघडली. कापशाने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर अंग टाकले.

"चार महिने!" कल्पनाताईंचा आवाज एकदम चढला. "चार महिने मी नवऱ्याशी खाणाखुणांनी बोलतेय, आणि याला मेल्याला काही ऐकूच येत नाही?" हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

"मागनं गेल्यावर जनावर उडणारच की, वैनी," गोजराबाई म्हणाल्या. "आमची म्हातारी म्हस बी अशीच. समोरनं जायाचं, हात हुंगू द्यायाचा, मंग पाठीवर ठेवायाचा. आन् एकदा ठेवला का उचलायाचा न्हाई."

नरहरींनी परात खाली ठेवली. त्यांनी तीन यंत्रे कसोशीने तपासली होती; कुत्रे तपासले नव्हते. आता सारा हिशेब त्यांना उलट्या बाजूने दिसू लागला. शांत यंत्र म्हणजे लहान मोटर. लहान मोटर म्हणजे जटेत अडणारे पाते. अडलेले पाते केस तोडत नाही, ओढते.

"गोजराबाई, तुमच्याकडे म्हशी भादरायचे यंत्र आहे ना?"

"हाय की. पर त्ये सुरू झालं का अर्धी वाडी गोळा हुतीया."

"आणा."

यंत्र आले. नरहरींनी पाते स्पिरिटने पुसले, तेल दिले, ते तापते का हे स्वतःच्या मनगटावर पाहिले. जट आणि कातडी यांच्यामध्ये सरकवण्यासाठी स्टीलची फणी घेतली. मग ते कापशाच्या समोर जाऊन बसले. नाकाशी हात धरताच तो जागा झाला. त्याने हात हुंगला, यंत्र हुंगले, त्यावरचा म्हशीचा वास बराच वेळ हुंगला. नरहरींनी डावा तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, तो तसाच राहू दिला आणि उजव्या हाताने बटण दाबले.

व्हरांडा दणाणला. गोजराबाई काही तरी म्हणाल्या, ते कोणालाच कळले नाही. पहिली जट एका दमात सुटून फरशीवर पडली. कापशाने नरहरींच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हनुवटी त्यांच्या मांडीवर टेकवली. डॉक्टरांना नको म्हणून कळवू का, असे कल्पनाताईंनी खुणेनेच विचारले. नरहरींनी मान डोलावली.

काम एकोणतीस मिनिटांत संपले. त्यांतली शेवटची सतरा मिनिटे कापशा गाढ झोपेत होता.