चार महिने उरलेला माणूस

"टेकू लवकर काढायला मीच सांगितलं," मुकादम म्हणाला.

समोरच्या बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. कंपनीने त्यांना एकाच कामासाठी नेमलं होतं. साइटवर काही चुकलं, की ते कसं चुकलं हे विचारून लिहून काढायचं, म्हणजे पुढच्या साइटवर तेच घडू नये. मजूर त्यांना धडेवाल्या बाई म्हणत. केबिनच्या दारावर पाटी होती, 'चूक सांगा, शिक्षा नाही'. पाटी लागली त्याच दिवशी कुणीतरी खाली खडूने लिहिलं होतं, 'आधी तुम्ही सांगा'.

हॉस्पिटलची ही इमारत सरकारी बांधकाम खात्याने सहा वर्षं रखडवली. मग ती खाजगी कंपनीकडे गेली आणि तिच्याबरोबर जुनी माणसंही गेली. मुकादम त्यांतलाच. मातीचा भराव घालून जमीन पक्की करून द्यायची, हे त्याचं काम. पोर्चची जमीन त्याने खात्याच्या शेवटच्या महिन्यातच तयार करून दिली होती. तिच्यावर टेकू लावून स्लॅब ओतायचा, हे त्याच्या जावयाचं. जावई कंपनीचा माणूस. इमारतीची जमीन माहेरची आणि छप्पर सासरचं, अशी लोक चेष्टा करायचे.

मंगळवारी पोर्चचा ओला स्लॅब कोसळला. दोघं खाली सापडले. एकाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. मुकादम तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. तो परतेपर्यंत कंपनीने जागेभोवती पट्टी बांधून सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

त्या संध्याकाळी तो लेकीकडे गेला.

"जावईबापू, टेकू लवकर काढलेत का?"

जावयाने ताट बाजूला सारलं. "मामा, तुम्ही यात पडू नका."

"मी काय विचारतोय?"

"माझं मी बघून घेईन."

एवढं बोलून तो हात धुवायला उठला, तो परत आलाच नाही. लेक दाराकडे बघत राहिली. मुकादमाला जे समजायचं ते समजलं.

खात्यात एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. काही कोसळलं, की ज्याची नोकरी सर्वांत कमी उरली असेल त्याने ते अंगावर घ्यायचं. चौकशीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत तो निवृत्त झालेला असे आणि तरुणाचं घर वाचलेलं असे. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मुकादमाला कधीकाळी असंच वाचवलं होतं. आता त्याचे स्वतःचे चार महिने उरले होते. कंपनीला त्याला घरी पाठवायला चार दिवसही लागणार नाहीत, हे त्याला कळत होतं. भीती वाटत होतीच. पण जावई तिशीतला. एकदा ठपका बसला असता, तर पुन्हा कुठल्याही साइटवर त्याला कुणी उभं केलं नसतं.

"कुठल्या बाजूने सुरुवात केली?" बाईंनी विचारलं.

"रस्त्याच्या."

"कुणाला सांगितलंत?"

"सेंट्रिंगवाल्यांना. जावई तेव्हा तिथे नव्हता. त्याला यातलं काही ठाऊक नाही, एवढं ठळक लिहा."

"इतकी घाई का?"

"फळ्या वरच्या मजल्याला हव्या होत्या." हे उत्तर त्याने तीन दिवस घोकलं होतं. "आमच्याकडे असंच चालायचं, मॅडम. लिहून घ्या. पुढच्यांना उपयोग होईल."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही. खुर्ची मागे सरकवून तो उठला.

"बसा," बाई म्हणाल्या. "काल ढिगारा उपसला. टेकू सगळेच्या सगळे सापडले. एकही काढलेला नव्हता. खालची जमीन खचली आणि टेकूंसकट स्लॅब खाली गेला."

मुकादम बसला.

"तुमचे जावई तेव्हा समोरच उभे होते. जमीन खचताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलीय. तरी गुरुवारी याच खुर्चीवर बसून त्यांनी मला सांगितलं, टेकू मी काढायला लावले."

बाईंनी वहीचं नवीन पान काढलं. "ती जमीन कुणी तयार केली, हे मी त्यांना आज सकाळी तीनदा विचारलं. खात्याच्या वेळचं काम, कागद एकही नाही. तिन्ही वेळा म्हणाले, माहीत नाही."

त्यांनी पेन उचललं.

"तुम्हाला माहीत आहे?"