फुगडीचे हात

भरदुपारी वीज गेली आणि द्वारकाबाईंची फुगडी अर्ध्यावरच थांबली. फुगडीच्या यंत्राचे दोन्ही हात त्यांच्या मुठीत थंड पडले. त्या हातांत धाकट्या बहिणीची, इंदूची पकड भरलेली होती. इंदूच्या यंत्रात तशीच द्वारकाबाईंची होती. एकटेपणावर डॉक्टरांनी दोघींना रोज वीस फेरे लिहून दिले होते. दोघींचे रिपोर्ट उत्तम यायचे. इंदू वरच्याच मजल्यावर राहायची, पण चार वर्षांत भेटायची गरजच पडली नव्हती.

आजचे फेरे बुडू नयेत म्हणून द्वारकाबाई जिना चढल्या.

इंदूने दार उघडलं. "ताई, तुझंही बंद पडलं?"

दोघींनी हात धरले, पावलं जुळवली आणि अंग मागे झोकून दिलं. तिसऱ्याच फेऱ्यात इंदूचे घामेजलेले हात निसटायला लागले. तिला धाप लागली.

"तुझी पकड अशी नव्हती गं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तू तरी किती जड झालीस! माझी ताई कशी हलकी फिरते."

मग दोघी हात सोडून खाली टेकल्या. थोड्या वेळाने डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

"आली बाई वीज," इंदू म्हणाली. "आता नीघ तू. आत ताई खोळंबलीय."

द्वारकाबाईही लगबगीने उठल्या. खाली इंदू थांबली होती.