हाताची घडी

सगुणाबाईची पिंकी स्वमग्न. खुशीत आली की दोन्ही हात फडफडवायची. सेलूजवळच्या विशेष शाळेत मुख्याध्यापक योगीराज सरांनी दोन वर्षं डोळे वटारून तिला आणि तिच्या वर्गाला हाताची घडी घालून बसायला शिकवलं. "बघा, किती शांत झाली पोरगी!" असं ते सगुणाबाईला दर महिन्याला ऐकवायचे.

मग शाळेत एक मशीन आलं. समोर हात हलवले की त्यातून सूर निघायचे. असल्या लेकरांना हेच औषध, असं सरांनी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना अर्धा तास समजावलं आणि मशीन चालू केलं.

"हं, हलवा रे हात!"

नऊ लेकरं, नऊ घड्या. मशीन मुकं.

"सर, तुमीच तर शिकवलंय त्यांना," सगुणाबाई मागून बोलली.

पाहुण्यांपुढं अशी शोभा झाल्यावर सरांचं टाळकं सरकलं. ते पिंकीवर हात उगारून धावले. तिनं घडी आणखी घट्ट केली. मशीनमधून मात्र लय गोड सूर निघाला, आणि पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.



दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचा उगारलेला हात छापून आला. खाली ओळ होती, 'विद्यार्थ्यांसोबत संगीतात तल्लीन झालेले मुख्याध्यापक.'