उसना दम

सकाळपासून मी टॉवेलात तोंड खुपसून खोकला दाबत होतो. कंपनीच्या स्पर्धेतलं क्रिकेट झालं, रस्सीखेच झाली. आता कबड्डीची फायनल, आमचं पेंट शॉप विरुद्ध फाउंड्री. कंपनीचे डॉक्टर मैदानाच्या कडेलाच खुर्ची टाकून बसलेले.

"तुझं नाव मीच टाकलंय," मॅनेजर म्हणाला होता. "छातीत काही नाही म्हणतोस ना? मग खेळून दाखव. नाहीतर अनफिट लिहून घरी पाठवतो."

दम घुमवत चढाईला गेलो. एकाला शिवून वळलो, तोच फाउंड्रीचे तिघं अंगावर कोसळले. मध्यरेषा वीतभर लांब, आणि माझा श्वासच संपला. तोंडातून 'कबड्डी' फुटेना. डॉक्टर मान उंचावून बघायला लागले.

तेवढ्यात अगदी कानाशी आवाज आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." मला मिठी मारून पडलेला फाउंड्रीचा दाढीवाला माझ्या वाटचा दम घुमवत होता. त्याने मिठी सैल केली, खांद्याने मला पुढे रेटलं. माझी बोटं रेषेला लागली.

आमची पोरं ओरडत मैदानात घुसली. मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

जर्सीत तोंड खुपसून तोही खोकला दाबत होता.