लाल रंगाचं सामान

दरीतल्या जत्रेत आनेग्रेट आजीला सोडतीत लाल मोटार लागली आणि सोमवारी मालगाडीने वर गावच्या स्टेशनात येऊन पोचलीसुद्धा.

"परत पाठवतो," स्टेशनमास्तर बाल्झ म्हणाला. "आपल्या गावात मोटारीला बंदी आहे, आजी. फाटकाबाहेर चाक टेकायचं नाही."

"आणि सामानाला?"

"सामान न्या की. हातगाडीवर न्या, खांद्यावर न्या."

आजीने मोटारीच्या आरशाला सामानाची चिठ्ठी बांधली. चिठ्ठी दिसली की शिक्का मारायचा, हा बाल्झचा तीस वर्षांचा नेम. त्याने मारला. मग आजीने कुस्तीमंडळाला निरोप धाडला. आठ पैलवान आखाड्यातला लाकडाचा भुसा झटकत आले आणि त्यांनी मोटार अल्लद खांद्यावर घेतली. आत, स्टिअरिंग धरून, आजी. तिने असा हॉर्न वाजवला की वरच्या कुरणातल्या गायींच्या कासेतच दुधाचं चीज झालं. पैलवान आजही शपथेवर सांगतात.

बाल्झ फाटकात आडवा आला. "थांबा. आजी, तुम्ही पट्टा लावला नाहीत."

"मोटारीत बसलं की लावायलाच हवा," आजी खिडकीतून म्हणाली. "मी मोटारीत बसलेय का, तेवढं सांग. बसलेय म्हणालास, तर तुझा शिक्का खोटा, असंही लिहून दे."

बाल्झने चिठ्ठीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याने फाटक उघडलं.

"सामानाने रस्त्याच्या उजव्या बाजूने जावं," तो म्हणाला.