झाकलेली वाटी

सातपूरच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर हर्षालीत पाल्हाळ वाचायचं त्राण नसायचं. म्हणून तिनं ते ॲप घेतलं होतं. नेटवरच्या कुठल्याही रेसिपीतल्या जाहिराती आणि लिहिणाऱ्याच्या आठवणी गाळून ते फक्त साहित्य आणि कृती जपून ठेवायचं.

आज शेवभाजीच्या कृतीखाली एक ओळ उरली होती : ‘सेकंड शिफ्टवाल्यासाठी एक वाटी झाकून ठेवा.’

घरात ती आणि नवरा वाल्मीक, दोघंच; दोघंही फर्स्ट शिफ्टला. तिनं वैतागून ओळ पुसली. ती परत आली. जुन्या रेसिपी उघडल्या, तर पोह्यांखाली तीच ओळ, चहाखालीही तीच.

“मरू दे,” म्हणत तिनं मोबाइल पालथा घातला, भाजीला उकळी आणली आणि गॅस बंद केला.

हातपाय धुऊन वाल्मीक आत आला. “कोण यायचंय गं? ओट्यावर वाटी झाकलीयेस ती?”

“मी नाही झाकली.”

त्यानं वरची ताटली उचलली. वाटी गरम होती, आणि आतून चाटूनपुसून साफ.

हर्षालीनं मोबाइल सुलटा केला. साहित्य, कृती, सगळं गेलं होतं. एवढंच उरलं होतं : ‘अजून वाढा.’

ती इतकी दमली होती, की तिनं मुकाट्यानं पळी उचलली.