टपालवालं कासव

"काढ त्या सुया. मी घरी जातो," अमादेओ म्हणाला.

डायलिसिस सुरू होऊन जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. चौतीस वर्षं जहाजावर सारंग म्हणून काढलेला हा माणूस गेल्या दोन्ही खेपांना अर्ध्यातूनच उठून गेला होता. परवा छातीत पाणी भरलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मुलीला, रोवेनाला, बाजूला घेऊन काय ते स्पष्ट सांगितलं होतं. आता ती दाराच्या काचेपलीकडे उभी होती. जपमाळेचे मणी ओढत.

"मानोंग, तीन तास वीस मिनिटं राहिलीत फक्त," नर्स मारिविक म्हणाली. वयाने मोठ्या पुरुषांना ती मानोंग, म्हणजे दादा, म्हणायची.

"फक्त? मग निदान बातम्या तरी लाव. ही काय बालवाडी आहे?"

भिंतीवरच्या टीव्हीत मातीचं एक कासव पाठीवर टपालाची पिशवी घेऊन चाललं होतं. सावकाश. मध्येच थांबून गोगलगायीला वाट देत होतं.

"बातम्या लागल्या की माझं ब्लडप्रेशर चढतं," शेजारच्या खुर्चीतल्या ऐंशीच्या पुरिंगआजी म्हणाल्या. "मग माझं मशीन बोंबलतं, मग मारिविक बोंबलते. सहा वर्षं आम्ही सगळे हेच बघतोय. तूही बघ गुमान!"

अमादेओने मान फिरवली. तिकडे नळीतून त्याचंच रक्त चाललं होतं. ते बघवेना, म्हणून तो पुन्हा कासवाकडे वळला.

कासवाच्या पिशवीतलं एक पत्र नदीत पडलं. कुणी त्याला रागावलं नाही. बदकाने होडी आणली. दोघांनी पत्र बाहेर काढलं, दगडावर वाळत घातलं आणि ते वाळेपर्यंत नुसते उन्हात बसून राहिले.

खुर्चीचा दांडा आवळून धरलेला अमादेओचा उजवा हात कधी सैल झाला, त्याला कळलंच नाही.

मग बदक होडी बांधू लागलं.

"अरे गाढवा, असा बांधतात दोर? वाहून जाईल ती!"

अख्खी खोली हसली. पुरिंगआजींना तर ठसका लागला. "सांग त्याला! नीट शिकव मेल्याला!"

कासवाचे आणखी किती फेरे झाले कोण जाणे. मशीन वाजलं तसा अमादेओ दचकला. "काय बिघडलं?"

"काही नाही, मानोंग. चार तास झाले."

रोवेना आत आली. सुया निघाल्या, तिथला कापूस तिने दाबून धरला.

"हे कासव कोण बनवतं गं?" त्याने विचारलं. "पत्ता मिळेल?"

"कशाला, बाबा? दोराची तक्रार करायला?"

"नाही." त्याची नजर अजून टीव्हीवरच होती. "जहाज बंदराला लागलं की मी आधी घरी चिठ्ठी टाकायचो. यांनाही कळवतो. पोचलो म्हणून."